केयोनच्या कचेरीत जागा करताना

डिस्क भरली.
पट्टी लालभडक, टच्च,
जणू कुणी पोट धरून बसलंय.
आणि आजच तर शिंपल्यांचे दाखले चढवायचे,
सात तराफ्यांचे, चारच्या आत.

फोनवर येसेनिया. माझी भाची,
पुएर्तो मोन्तच्या दवाखान्यातले संगणक सांभाळते.
"मावशी, क्वारंटाइनमध्ये किती साठलंय बघ."
अडतीस जीबी.
नऊ वर्षांत तिथं कुणी झाडू फिरवला नव्हता.

मी फोल्डर शोधलं, सगळं निवडलं,
डिलीटवर बोट नेलं.
"थांब! हातानं नाही. आत शिरायचंच नाही.
ज्यानं पकडलंय, त्यालाच सांग
कुणाला सोडायचं, कुणाला मारायचं."

हे मला लगेच कळलं.
समुद्र तांबूस होतो त्या वर्षी
आमच्या तराफ्यावर बंदीचा पिवळा कागद लागतो.
शिंपले दिसायला तसेच, टपोरे.
वास तोच.
उकळा, लिंबू पिळा, विष ढिम्म हलत नाही.
म्हणून आम्ही चाखून बघत नाही.
विषाची परीक्षा प्रयोगशाळेनं घ्यावी.
कागद लावायला येतो तोच माणूस
कधीतरी काढायलाही येतो.

मग मी अँटीव्हायरसच उघडला.
यादी. तीनशे अकरा नावं, तारखांसकट.
'तातडीचे बिल' सतरा वेळा.
'तुम्ही जिंकलात'.
'दोमितिलाचे फोटो', जे कुणी कधी काढलेच नाहीत.
एका जुलैत एकाच दुपारी नव्वद.
ती दुपार आठवते. ओस्वाल्दोनं पेन ड्राइव्ह लावला होता,
आणि आईची शपथ घेऊन म्हणाला होता
की मी कशाला हातसुद्धा लावला नाही.

"बंद आहेत तोवर काही करत नाहीत," येसेनिया म्हणाली,
"पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, मावशी.
ओळखीचं नाव दिसलं तर बाजूला ठेव.
उघडू मात्र नकोस."

दोनशे चाळिसावी ओळ:
'रुपेर्तो भरती'.

रुपेर्तो बारिया, वजनकाट्यावरचा.
रात्री जागून, स्वतःचा स्वतः शिकून
त्यानं लिहिलेला एवढासा प्रोग्राम.
निळ्या चौकटीत दोनच आकडे:
भरती कधी, ओहोटी कधी.
पाच वर्षांमागं एका सकाळी तो नाहीसा झाला.
त्याला वाटलं, मी काढून टाकला.
मला वाटलं, निवृत्त होताना तो घेऊन गेला.
आम्ही त्याबद्दल बोललो नाही.
पुढं कशाबद्दलच बोललो नाही.

तारीख त्याच आठवड्यातली.
कारण: प्रकाशक अज्ञात.

ओसोर्नोचा नंबर जुन्या वहीत होता.
मागं कोंबड्या ओरडत होत्या.
"रुपेर्तो, तुझा प्रोग्राम सापडला. कैदेत होता."
बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
"मग तू नव्हतास काढला."
"नव्हतीस," मी म्हटलं. "काढला नव्हतीस म्हण."
"तेच ते." मग हसला.
"फेकून दे गं. चाळीस मिनिटं चुकायचा तो.
मी मनातल्या मनात मिळवायचो."
"किती वर्षं?"
"अकरा."

येसेनियाला विचारलं. ती म्हणाली,
संशय असेल तर तपासायला पाठव,
महिनाभर राहू दे, घाई कसली.
मी तीनशे दहांवर खुणा केल्या.
'कायमचे काढायचे? परत मिळणार नाही.'
हो.
पट्टी हळूहळू मागं सरली,
लाल, मग निळी.
उरला एक, दोनशे केबीचा.
जागा म्हणाल तर चिमूटभरही खात नाही.

दाखले चढले. सहा तराफे मोकळे.
पाचव्यावर अजून पिवळा कागद.

फोन चालूच होता.
"आज ओहोटी कितीला?" त्यानं विचारलं.
भिंतीवरच्या छापील तक्त्यात बघून सांगितलं,
तीन दहाला.
"म्हणजे तीन पन्नास," रुपेर्तो म्हणाला,
आणि मी, का कोण जाणे,
तसंच लिहून घेतलं.